तेल: शून्य

फोकये नावाच्या बाईने मृत्युपत्रात एवढंच लिहिलं:
बांधावरचा कंदील रोज तिन्हीसांजेला लागावा,
उशिरा परतणाऱ्यांसाठी,
समुद्र आहे तोवर.
साल सोळाशे सत्त्याऐंशी. नवरा आणि दोन मुलगे
एकाच नावेतून हेरिंग धरायला गेले होते.
तेव्हा बांधावर कंदील नव्हता.

त्या निधीची आता मी खजिनदार.
चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं,
म्हणून किल्ली माझ्याकडे.

समुद्र गेला.
गेला कसला, घालवला. आजोबांच्या डोळ्यांदेखत,
पंप लावून. नावा बुडाल्या तिथे बटाटे आहेत.
ट्रॅक्टरच्या नांगराला कधीमधी
गंजका नांगर लागतो.

कंदील मात्र चुकला नाही.
तेल गेलं, गॅस आला, वीज आली.
रोज संध्याकाळी आम्ही बटाट्यांना दिवा दाखवतो.
खर्च चिमूटभर, व्याज साडेतीनशे वर्षांचं.
रक्कम लिहायला वहीचा रकाना पुरत नाही.

मार्चमध्ये नगरपालिकेचा वकील आला.
चांगला मुलगा, माझ्याच वर्गातला, भागाकारात कच्चा.
म्हणाला, "समुद्र आहे तोवर" असं लिहिलंय, बाई,
आणि समुद्र तर नाही.
अट संपली. पैसे गावाच्या तिजोरीत यावेत.
कागदावर त्याचं बरोबर होतं.

पंपघरातला विब्रेन सभेत कधी बोलत नाही.
त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.
पंप बंद करतो, म्हणाला.
अकरा आठवड्यांनी या,
आणि मग सांगा, समुद्र आहे की नाही.

आम्ही सगळे तेव्हा पाण्याच्या पातळीखाली
साडेचार मीटरवर
कॉफी पीत बसलो होतो.

तर ठरलं. समुद्र आहे. रजेवर आहे.

मग हिल्तये पेटली.
एक छदामही खर्चू नका, म्हणाली.
दोनशे वर्षांनी तो परत येईल,
तेव्हाच्या लेकरांना नावा लागतील, उंच जमीन लागेल.
जन्मलेच नाहीत त्यांची खुर्ची या टेबलाशी कोण ओढणार?
मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

त्या रात्री झोप येईना, खिडकीत उभी राहिले.
टोमॅटोच्या काचघरांतली रात्रपाळी सुटली होती.
लेतेब्रहान, खालच्या भाड्याच्या खोल्यांत राहते ती,
बांधावरून सायकलवर येत होती. सायकलला दिवा नाही.
कंदिलाखाली आली तशी दिसली:
हिरवी टोपी, हँडलला पिशवी.
सात सेकंद. मी मोजले, जुनी खोड.
मग पुन्हा काळोख, आणि चेनचा आवाज.

दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं:
सायकलचे दिवे, पुढचे व मागचे, चौसष्ट जोड.
हिल्तयेने दोन आठवडे सही केली नाही.
मग केली, मुंगीएवढी.

बाकीचे पैसे आहेत तिथेच आहेत.

वहीच्या शेवटच्या पानावर
पुढच्या कुणा खजिनदाराला चार ओळी लिहून ठेवल्यात.
तुझी भाषा मला ठाऊक नाही.
हे गाव तू कुठल्या टेकडीवर नेलं असशील, तेही नाही.
हिल्तयेचं ऐकलं असतं तर तुझ्या वाट्याला
चौसष्ट जोड दिव्यांचे पैसे जास्त आले असते,
त्यांच्या दोनशे वर्षांच्या व्याजासकट.
मी गणित केलंय. आकडा लहान नाही.
रागव हवं तर.

आणि एक. "तेल" नावाचा रकाना
एकशे नऊ वर्षं रिकामा आहे.
दर डिसेंबरला मी त्यात शून्य भरते,
तपासनीस दर वर्षी म्हणतो, काढून टाका.
काढलेला नाही.
कोण जाणे, तुला लागेल.